मुळाशी ओतलेलं औषध परत काढता येत नाही

गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "अहो, माझ्या जास्वंदीला कापूस लागलाय. आणि पानं इतकी चिकट झालीत, हाताला काकवी लागल्यासारखं वाटतं."

गच्चीवर जाऊन पाहिलं. शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांपाशी पांढरा भुरभुरीत कापूस, खालच्या पानांवर चिकटा, चिकट्यावर धरलेली काळी काजळी आणि खोडावरून वर-खाली करणारी मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण. जास्वंद लावली की आज ना उद्या हा पाहुणा येतोच.

काकूंनी औषधही आणून ठेवलं होतं. नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं, "फवारणीची भानगडच नको. मगभर पाण्यात एक झाकण टाका, मुळाशी ओता, आठवड्यात सगळं साफ." बाटलीवर लिहिलेलं होतं: इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल, म्हणजे वजनानं १७.८ टक्के औषध असलेलं, पाण्यात विरघळणारं कीटकनाशक. काकूंचा प्रश्न सरळ होता, "ओतू ना?"

मी उलट विचारलं, "ह्या फुलांचं तुम्ही काय करता?"

"देवाला वाहते. उरली तर तेलात उकळते, केसांना. आणि आमची नात येते ना, ती फूल तोडून देठाकडून चोखत बसते. गोड लागतं म्हणे."

त्या नातीमुळेच हा लेख लिहायला घेतला. नर्सरीवाला खोटं बोलत नव्हता. ते औषध मुळाशी ओतलं की शेंड्यावरचा ढेकूण मरतो, हे खरं आहे. पण ते शेंड्यापर्यंत जातं कसं आणि वाटेत आणखी कुठे कुठे जातं, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

अशा औषधांना शेतीच्या भाषेत आंतरप्रवाही कीटकनाशकं म्हणतात. साध्या स्पर्शजन्य औषधाचं काम सोपं असतं: ते किडीच्या अंगावर पडलं तर कीड मरते, नाही पडलं तर वाचते. आंतरप्रवाही औषध किडीच्या अंगावर पडावं लागत नाही. ते झाडात शिरतं, झाडाच्या रसाबरोबर फिरतं आणि जो कुणी तो रस पितो त्याच्या पोटात जातं. म्हणजे औषध आपण किडीला देतच नाही, झाडाला देतो. काही काळापुरतं झाडच विषारी करून ठेवतो.

शाळेतला तेरड्याचा प्रयोग आठवतो? तेरड्याचं रोप मुळासकट उपटून लाल शाईच्या पाण्यात ठेवायचं. थोड्या वेळानं त्याच्या पारदर्शक खोडात लाल रेघा वर चढलेल्या दिसतात. त्या रेघा म्हणजे जलवाहिन्या. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, त्या ओढीनं मुळांकडून पाणी वर खेचलं जातं आणि पाण्यात जे विरघळलेलं असेल तेही सोबत वर जातं. शाई असेल तर शाई, इमिडाक्लोप्रिड असेल तर इमिडाक्लोप्रिड.

झाडात दुसरीही एक नळव्यवस्था असते, रसवाहिन्यांची. पानांनी तयार केलेली साखर त्यांतून मुळांकडे, कोवळ्या शेंड्यांकडे, फळांकडे जाते. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी ही मंडळी आपली सुईसारखी सोंड नेमकी ह्याच नळात खुपसतात. तिथल्या रसात साखर रग्गड आणि प्रथिनं जेमतेम. म्हणून त्यांना पोटापुरत्या प्रथिनांसाठी भरमसाट रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूनं टाकून द्यावी लागते. काकूंच्या हाताला लागलेली काकवी ती हीच. मुंग्या तिच्यासाठीच येतात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात. एवढा रस पिणाऱ्याला रसातूनच विष देणं ही कल्पना म्हणूनच इतकी परिणामकारक आहे.

कल्पना जुनीही आहे. सेलेनियम असलेल्या जमिनीत वाढलेल्या गव्हावर मावा टिकत नाही, असं १९३६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदवलं होतं. पुढच्या दशकात जर्मनीत ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली आंतरप्रवाही औषधं तयार झाली. इमिडाक्लोप्रिड १९८० च्या दशकात जपानमध्ये सापडलं आणि १९९१ पासून बाजारात आलं. तंबाखूतलं निकोटिन किडीच्या मज्जासंस्थेत जिथे जाऊन बसतं तिथेच हेही बसतं, म्हणून त्याच्या घराण्याला निओनिकोटिनॉइड म्हणतात. थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन, डायनोटेफ्युरान ही त्याचीच भावंडं. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीचं रंगीत बियाणं ज्यांनी हाताळलंय त्यांना हे औषध नकळत माहीत आहे. बीटी कपाशीच्या बियाण्याला ते कारखान्यातच चोळलेलं येतं आणि रोप लहान असताना तुडतुडे-मावा लांब ठेवतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण अर्धं औषध त्यापायीच वाया जातं. आंतरप्रवाही म्हणजे झाडभर वाटेल तसं फिरणारं, असं नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी बहुतेक औषधं मुख्यतः जलवाहिन्यांतून, म्हणजे खालून वर जातात. मुळाशी दिलं तर पानांत पोचतं. पण जुन्या पानावर फवारलं तर ते त्याच पानाच्या टोकाकडे सरकतं, मागे फिरून नव्या फुटीत जात नाही. मग लोक म्हणतात, "आंतरप्रवाही फवारलं तरी शेंड्यावर मावा आलाच." येणारच, तो शेंडा फवारणीच्या दिवशी जन्मलेला नव्हता. पानावर फवारल्यावर वर आणि खाली दोन्हीकडे जाणारी औषधं मोजकी आहेत, स्पायरोटेट्रामॅट हे त्यातलं एक.

आणि सगळ्या किडींवर हे चालतं असंही नाही. रस पिणाऱ्यांवर चालतं. पानं कुरतडणाऱ्या मोठ्या अळ्यांवर इमिडाक्लोप्रिडचा फारसा उपयोग नाही. खवले किडीत दोन जाती असतात. मऊ पाठीचे खवले रसवाहिनीतून पितात, ते मरतात. कडक कवचाखाली राहणारे खवले रसवाहिनीला तोंडच लावत नाहीत, आसपासच्या पेशी फोडून खातात, आणि इमिडाक्लोप्रिड त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. लाल कोळी तर कीटकच नव्हे, आठ पायांचा जीव. त्याच्यावर हे औषध चालत नाही, उलट पथ्यावर पडतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खोड पोखरणाऱ्या एका आशियाई भुंग्याचा नायनाट करण्यासाठी एल्म वृक्षांना इमिडाक्लोप्रिड दिलं, तर त्या झाडांवर कोळ्यांचं पेव फुटलं. कोळी खाणारे कीटक घटले, शिवाय औषध घेतलेल्या झाडांवर कोळ्यांची वीणही वाढलेली आढळली. गुलाबाला मावा आला म्हणून औषध दिलं आणि महिन्याभरात पानं लालसर ठिपक्यांनी करपली, ही तक्रार आपल्याकडच्या गुलाबवाल्यांचीही असते. ते दुसरी बाटली आणायला धावतात, पण आधी पहिल्या बाटलीकडे बघायला हवं.

आता हे झाडात शिरवायचं कसं? कुंडीत प्रश्न नसतो, ओतलं की झालं. तिथेही दोन गोष्टी आड येतात. माती कोरडी ठाक असेल तर मुळं औषध उचलतच नाहीत, म्हणून आधी साधं पाणी, मग औषध. आणि इमिडाक्लोप्रिडला सेंद्रिय पदार्थाला चिकटायची खोड आहे. कोकोपीट आणि शेणखतानं भरलेल्या कुंडीत ते मुळांपर्यंत उशिरा आणि कमी पोचतं. माळी मग "अजून एक झाकण" टाकतो. पहिलं झाकण कुठे गेलेलं नसतं, कुंडीतच दबा धरून असतं. पुढे काही महिने, क्वचित वर्षभरही, थोडं थोडं झाडात चढत राहतं. कोकणातल्या आंबा बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. कल्टार बुंध्याभोवती मातीत देतो तेव्हा तो ह्याच नळाचा वापर करत असतो. कल्टार कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं आहे, पण प्रवास तोच. आणि त्याचा असर पुढच्या हंगामातही उरतो, हेही त्यानं पाहिलेलं असतं.

मोठ्या झाडाची गोष्ट निराळी. चाळीस फुटी झाडाला मुळाशी दिलेलं औषध शेंड्याला पोचायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि ते औषधही खोडाच्या घेराच्या हिशोबात द्यावं लागतं. म्हणून तिथे खोडात सुई टोचण्याची पद्धत आली. तिची सगळ्यात मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या आसपास अ‍ॅश नावाची झाडं मरत असल्याचं लक्षात आलं. कारण निघालं आशियातून आलेला हिरवा चकाकता भुंगा, लांबी जेमतेम अर्धा इंच. त्याची अळी सालीच्या आत, रसवाहिन्यांच्या थरात नागमोडी बोगदे काढत जाते. बोगदे खोडाभोवती पुरे झाले की झाड उपाशी मरतं. त्या भुंग्यानं आजवर कोट्यवधी झाडं मारली आहेत. वाचवली ती बहुतेक इंजेक्शननं: बुंध्याशी गोलाकार छोटी भोकं पाडायची, दाब देऊन त्यांत इमामेक्टिन बेंझोएट सोडायचं, जलवाहिन्या ते वर ओढून नेतात, आणि झाड दोन-तीन वर्षं सुरक्षित राहतं. हे तेच इमामेक्टिन, जे आपल्याकडे हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी पंपानं फवारतात. पानावर फवारलं तर ते पानाच्या आरपार भिनतं, तिथून पुढे जात नाही. थेट नळात सोडलं तर झाडभर जातं.

पण ह्या उपचाराची एक अट आहे. झाडाचा घुमट एक तृतीयांश ते निम्मा सुकून गेला असेल तर औषध देण्यात अर्थ उरत नाही. झाड अशक्त झालं म्हणून नव्हे, तर अळीनं आतले नळच तोडले म्हणून. औषधाची वाहतूक करणारी व्यवस्था आणि कीड खाते ती व्यवस्था एकमेकींना चिकटून असतात. त्यामुळे लक्षणं डोळ्यात भरण्याआधी द्यावं लागतं, आणि लक्षणं नसताना झाडावर खर्च करायला कोण तयार होतं!

आपल्या आंब्याच्या भिरुडाला, म्हणजे खोड पोखरणाऱ्या भुंग्याला, हाच उपाय का नाही, असं एका रत्नागिरीकर मित्रानं विचारलं होतं. भिरुडाची अळी सालीखाली थांबत नाही, लाकडात खोल शिरते. जुन्या लाकडातून रस वाहत नाही, तिथे नळ बंद पडलेले असतात. म्हणून भिरुडाला अजून तारच लागते: भोकातून भुसा पडताना दिसला की तार घालून अळी ओढून काढायची, औषधाचा बोळा आत सारायचा आणि वरून चिखलानं लिंपायचं.

नारळाची तऱ्हा आणखी वेगळी. नारळाच्या खोडाला आंब्या-फणसासारखी जखम भरून काढणारी साल नसते. एकदा भोक पाडलं की ते जन्मभर राहतं. म्हणून नारळाला औषध देतात ते मुळातून. मी पहिल्यांदा पाहिलं ते गुहागरकडे एका वाडीत. गड्यानं बुंध्यापासून हातभर अंतरावर माती उकरली आणि पेन्सिलीएवढं जाड, तांबूस, जिवंत मूळ शोधून काढलं. पांढरं कोवळं नको, काळं वाळकं नको. धारदार कोयतीनं ते तिरकं कापलं, रसवंतीवाला उसाचं टोक उडवतो तसं. औषध आणि पाणी सारख्या मापानं घातलेली प्लॅस्टिकची छोटी पिशवी त्या टोकाला अडकवली, टोक तळाला टेकेल अशी, आणि सुतळीनं बांधून वर माती ओढली. दुसऱ्या दिवशी उकरून दाखवली तेव्हा पिशवी रिकामी होती. सगळं झाडानं पिऊन टाकलं होतं. नारळाच्या इरिओफाइड कोळ्यासाठी कडुनिंबातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन ह्याच पद्धतीनं देतात.

त्या गड्याचं एक वाक्य मात्र मला विद्येहून मोलाचं वाटलं. पिशवी बांधायच्या आधीच त्यानं तयार नारळ उतरवून घेतले होते. मी म्हटलं, नंतर काढले असते. तो म्हणाला, "आता दीड महिना ह्या माडाकडं बघूचा नाय." पंचेचाळीस दिवस. झाड जे पितं ते शहाळ्यातही उतरू शकतं, हे त्याला कुणा पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. द्राक्षवाले ह्यालाच पीएचआय म्हणतात, म्हणजे शेवटचं औषध आणि तोडणी ह्यांत सोडायचे दिवस. निर्यात करणाऱ्या नाशिककर बागायतदाराला हा आकडा पाठ असतो, कारण चुकला तर कंटेनर परत येतो. गच्चीतल्या बागवाल्याचा कंटेनर परत येत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना ह्यांना पीएचआय कुठून आणणार? आपण रोज सकाळी चार पानं तोडतो. तुळशीवर मावा आला म्हणून मुळाशी औषध टाकलं आणि तीच पानं चहात आणि तीर्थात, असं सर्रास होतं. वरून फवारलेलं औषध थोडंफार धुऊन तरी जातं. आतून आलेलं कितीही धुवा, पानाच्या मांसातच असतं. गुलकंदाचा गुलाब, तेलात उकळायची जास्वंद, नैवेद्याचं केळीचं पान, सगळ्यांना हेच लागू. शिवाय कुंड्या एकमेकींना खेटून असतात. जास्वंदीच्या कुंडीतून झिरपलेलं पाणी खालच्या ताटलीतून शेजारच्या मिरचीला मिळतं, आणि मिरचीला ते नको असं सांगता येत नाही.

दुसरा खाणारा मधमाशी. झाडाच्या नळातून वर गेलेलं औषध पानात थांबतं तसं थोडं मकरंदात आणि परागातही उतरतं. कागदावर एक हिशोब करून पाहू. मधमाशीच्या पोटात इमिडाक्लोप्रिड साधारण चार नॅनोग्रॅम गेलं की निम्म्या माश्या मरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. प्रयोगागणिक आकडा वर-खाली होतो, पण काही नॅनोग्रॅमच्या घरातच राहतो. १७.८ एसएलच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ०.२ ग्रॅम मूळ औषध असतं, म्हणजे २० कोटी नॅनोग्रॅम. चारनं भागलं तर पाच कोटी डोस, एका मिलिलिटरमध्ये. सगळं औषध फुलांत उतरत नाही हे उघड आहे, बरंचसं माती आणि पानं धरून ठेवतात. तरीही काकूंच्या झाकणात पाच मिलिलिटर मावतं हे मी मोजून पाहिलं, तेव्हा हे प्रमाण मनात घोळत राहिलं.

कागदाबाहेर काय होतं, ते ओरेगन राज्यातल्या विल्सनव्हिल गावानं जून २०१३ मध्ये पाहिलं. एका दुकानाच्या वाहनतळावर सावलीसाठी लावलेली लिंडनची झाडं होती, त्यांवर मावा होता. डायनोटेफ्युरान फवारलं गेलं, आणि झाडं तेव्हा ऐन फुलोऱ्यात होती. पुढचे काही दिवस डांबरावर भुंगमाश्यांचा, म्हणजे मधमाशीच्याच कुळातल्या जाड केसाळ माश्यांचा, सडा पडला, ५०,००० च्या घरात. शेवटी माश्या पुढे जाऊ नयेत म्हणून ती झाडंच्या झाडं जाळ्यांनी झाकावी लागली. ओरेगननं नंतर लिंडनवर ही औषधं वापरायला बंदी घातली. युरोपीय संघानं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम ह्या तिघांचा उघड्यावरचा वापरच थांबवला. विल्सनव्हिलच्या त्या माव्यानं लिंडनची झाडं मेली असती का, ह्याचं उत्तर जवळजवळ नक्की "नाही" असं होतं. मोठं झाड मावा सहन करतं. सहन होत नाही ते खाली उभ्या केलेल्या गाडीच्या मालकाला.

भारतात ही औषधं मिळतात, वापरली जातात, आणि सगळं बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण बाटलीवरचा रंगीत त्रिकोण काय सांगतो हे निदान कळावं. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून, म्हणजे माणसाला असलेल्या तातडीच्या धोक्यावरून. मधमाशीबद्दल तो काहीच बोलत नाही. थायामेथोक्झामचा त्रिकोण निळा असतो, "मध्यम", आणि मधमाशीसाठी ते अत्यंत जहाल असतं.

जुन्या सल्ल्यांबद्दलही सांगितलं पाहिजे. "कुंडीत चिमूटभर थिमेट टाका" हे वाक्य माझ्या लहानपणी घरोघर ऐकू यायचं. उग्र वासाचे ते दाणे आई उघड्या हातानं टाकायची, आणि मग त्याच हातानं पदर सावरायची. थिमेट म्हणजे फोरेट. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या विक्री-वापरावर देशात बंदी आहे. मोनोक्रोटोफॉस, जे पूर्वी नारळाच्या मुळांतून सर्रास दिलं जायचं, त्यावरही २०२३ मध्ये बंदीचा आदेश निघाला. घरातल्या माळ्यावर अजून जुना पुडा असेल तर तो "संपवून टाकू" म्हणून वापरू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ते रोज हे काम करणारे लोक होते. आपण रविवारी सकाळी, बनियनवर, चहाचा कप शेजारी ठेवून ते करतो.

मग मी स्वतः ही औषधं वापरतो का? वापरतो, फार क्वचित. दारातल्या फायकसला, क्रोटनला, शोभेच्या पामला, म्हणजे ज्यांचं कुणी काही खात नाही आणि ज्यांच्या फुलांवर मधमाश्या फिरकताना मला दिसलेल्या नाहीत. तेही ह्या किडीसाठी आणि अशा झाडासाठी त्याची शिफारस लेबलवर असेल तर. मोजायला सुई काढून टाकलेली एक मिलिलिटरची सिरिंज ठेवली आहे, तिच्यावर लाल रंग लावलाय आणि ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही असं घरात सगळ्यांना सांगितलंय. हातमोजे घालतो. एकच औषध पुन्हा पुन्हा देत नाही, कारण वाचलेली कीड त्याला सरावते. विदर्भातल्या तुडतुड्यांनी इमिडाक्लोप्रिड पचवायला शिकून कपाशीवाल्यांना ते दाखवून दिलंच आहे.

आणि बऱ्याचदा थांबतो. थांबण्याचेही मोठे दाखले आहेत. २००८ मध्ये पपईचा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा कोइमतूरकडे दिसला, आणि बघता बघता पपई, तुती, जास्वंद सगळ्यांवर पसरला. औषधांनी तो आवरेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून मुंगीहून बारीक परोपजीवी गांधीलमाश्या मागवून सोडल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला. नारळावर २०१६ पासून आलेल्या चक्राकार पांढऱ्या माशीबाबतही शास्त्रज्ञांचा सल्ला हाच होता: रासायनिक फवारणी करू नका, तिला मारणारी एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी मागोमाग येते, त्या गांधीलमाशीला जगू द्या.

काकूंच्या जास्वंदीचं आम्ही काय केलं ते सांगतो. बाटली बंद करून ठेवली. सगळ्यात किडके चार शेंडे कापून पिशवीत गाठ मारून टाकले. नळीच्या जोरदार धारेनं झाड धुतलं, पानाच्या खालच्या बाजूनं. उरलेल्यांसाठी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. कुंडी पाण्याच्या ताटात विटेवर ठेवली आणि भिंतीला टेकलेली फांदी छाटली, म्हणजे मुंग्यांचा पूल तुटला. दर चार दिवसांनी ब्रश, आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क. कंटाळवाणं काम आहे. पहिले तीन आठवडे काकू रोज विचारायच्या, "ओतू का आता?"

जुलैत त्यांनी पुन्हा जिन्यात गाठलं. "अहो, आता नवीनच. हा कापूस पळतो!"

वर जाऊन पाहिलं तर खरंच पळत होता. पिठ्या ढेकणासारखाच पांढरा, झालरीवाला, पण दुप्पट मोठा आणि चपळ, आणि त्याच्या तोंडात एक ढेकूण. क्रिप्टोलेमस ह्या ढालकिड्याची अळी, नाहीतर त्याच्याच कुळातली कुणी. क्रिप्टोलेमस १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आता द्राक्षवाले तो विकत घेऊन बागेत सोडतात. काकूंच्या गच्चीवर तो फुकट आला होता. ढेकणांत शिरून ढेकूण खाता यावेत म्हणून त्याची अळी ढेकणाचंच सोंग घेते. काकूंचा चेहरा एकदम पडला. आदल्याच दिवशी त्यांनी ब्रशनं दहा-बारा "मोठे मोठे ढेकूण" साबणाच्या पाण्यात बुडवले होते.

ब्रश अजून त्यांच्या हातात असतोच. पण आता आधी काडीनं डिवचून बघतात. पळाला तर सोडायचा, बसून राहिला तर बुडवायचा.